वर आलेलं गाठोडं

"माझ्या हातून खाली गेलेला कचरा आजतागायत वर आलेला नाही!"

बुडव्या असं म्हणाला आणि पाणबुडीतल्या जेवणाच्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसलेल्या सगळ्यांनी ताटातून डोकं न काढता माना डोलावल्या. कारण एक तर ते खरंच होतं. शिवाय हे वाक्य तो रोज म्हणायचा आणि रोज त्याच जागी मान डोलवायची सगळ्यांना सवय झाली होती.

जमिनीवर एखाद्याला बुडव्या म्हणून बघा. बाह्या सरसावून अंगावर येईल! पण पाणबुडीवरचं सगळंच उलटं. तिथे बोट बुडाली की लोक निवांत होतात आणि वर आली की धास्तावतात. "बुडालो का रे?" "हो, छान बुडालो!" अशी तिथली बोलणी. एकदा बंदरावरून बुडव्याने सासूबाईंना फोनवर सहज सांगितलं, "आज दुपारी बुडणार आमची बोट." त्या माउलीने पलीकडे असा हंबरडा फोडला की शेजारीपाजारी अनवाणी धावत आले! तेव्हापासून घरात 'बुडणे' या शब्दाला बंदी होती. पाणबुडीवर मात्र बुडव्या हे मानाचं नाव होतं. अख्खी बोट बुडवायचं काम कप्तानसाहेबांचं आणि बोटीतला कचरा बुडवायचं काम याचं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? खिडकी उघडायची आणि द्यायचा भिरकावून! अहो, पाणबुडीला खिडकीच नसते. माणसं मात्र तिथेही खातात, पितात, मोजे फाडतात, कांदे सोलतात, रद्दी साठवतात. तो सगळा ऐवज शेवटी बुडव्याच्या खोपटात यायचा. खोपट म्हणजे स्वयंपाकघरामागची, एक माणूस आणि त्याचा एक सुस्कारा मावेल एवढी जागा. तिथे एक दाबयंत्र होतं. प्लास्टिक समुद्रात टाकायला सक्त मनाई, म्हणून ते वितळवून, दाबून त्याच्या ताटाएवढ्या चकत्या करायच्या आणि बंदर येईपर्यंत जपून ठेवायच्या. बाकीचा कचरा जाळीच्या लांबट डब्यात ठासून भरायचा, त्यात लोखंडी वजनं घालायची, तोंड आवळायचं, की झालं गाठोडं तयार. ते जमिनीतल्या उभ्या नळीत सोडायचं, वरचं झाकण घट्ट लावायचं आणि कप्तानसाहेबांचा हुकूम आला की खटका ओढून नळीचं खालचं दार उघडायचं. गाठोडं निघालं तळाला!

सगळा खेळ वजनाचा. वजन कमी पडलं तर गाठोडं वर जाणार, लाटांवर डुलत बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना सांगणार, या, या, आमची मंडळी इथे खालीच लपली आहेत! "बोटीवर माझं वजन आहे," असं बुडव्या म्हणायचा आणि त्याला कुणी बढाई म्हणू शकत नव्हतं.

पण बुडव्याचा खरा जीव होता तो खटका ओढल्यानंतरच्या शांततेत. नळीत खोलवर 'बुळुक' असा आवाज व्हायचा. मग तो नळीच्या अंगाला कान लावून डोळे मिटायचा आणि त्याला गाठोडं दिसायचं. कसलीही घाई नसल्यासारखं, गिरक्या घेत, खाली खाली चाललेलं. आधी हिरवं पाणी, मग निळं, मग शाईसारखं काळं. वाटेत मासे भेटायचे, भोवतीने एक फेरी मारायचे आणि आपल्या वाटेने निघून जायचे. शेवटी तळाच्या मऊ गाळावर ते इतकं अलगद टेकायचं की गाळाचीही झोपमोड होऊ नये. बुडव्याच्या मनात तिथे त्याच्या गाठोड्यांचं एक गावच वसलं होतं. गावाला गल्ल्या होत्या. खेकडे पायरीवर बसून चकाट्या पिटत होते. आचाऱ्याच्या फाटक्या चपलेत एक लाजाळू मासा कुटुंबासह राहायला आला होता आणि वर कुठेतरी दिवस उगवला की तिथे नुसता हिरवा अंधार पातळ व्हायचा. असा तो तासन्‌तास नळीला कान लावून उभा असायचा. लोकांना वाटायचं, काय मन लावून काम करतो!

प्रत्यक्षात बुडव्याने समुद्रातला एकही मासा कधी पाहिला नव्हता. कुठून पाहणार? खिडकी नाही, सांगितलं ना!

घरी हे सांगायची मात्र सोय नव्हती. बालवाडीतल्या बिट्टीला, म्हणजे त्याच्या लेकीला, त्याने छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "समुद्रातले सगळे मासे तुझ्या बाबाला ओळखतात!" ही बिट्टी शाळेच्या नाटकात पहिल्यांदा ससा झाली तेव्हा बाबा पाण्याखाली. पुढच्या वर्षी फूल झाली तेव्हाही बाबा पाण्याखाली. या वेळी नाटकच समुद्राचं होतं. तो निघाला तेव्हा ती गाल फुगवून दाराच्या फटीत उभी होती.

"मासा झालीयस का गं?" त्याने विचारलं.

"नाही सांगणार! येऊन बघ!"

"येतो तर! पहिल्या रांगेत बसतो!"

"मागच्या वेळीपण असंच म्हणालास," बिट्टी म्हणाली आणि गाल आणखी फुगले.

बायकोने त्याची पिशवी हातात दिली. "अहो, या वेळी आला नाहीत ना, तर ती बोलायची बंद होईल आणि मी बोलायला सुरुवात करीन. काय परवडतंय ते बघा!"

बुडव्याला दोन्ही परवडण्यासारखं नव्हतं.

या खेपेला त्यांच्या बोटीचा सराव होता. सराव म्हणजे मोठ्या माणसांची लपाछपी. खाली यांनी लपायचं, वरून आपल्याच आरमाराच्या जहाजांनी यांना शोधायचं. कप्तानसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "सापडलो नाही, तर थेट बंदर आणि प्रत्येकाला सुट्टी. सापडलो, तर सराव पहिल्यापासून! मग कुणी घरची आठवण काढायची नाही." बुडव्याने हिशोब केला. सापडलो नाही तर नाटक, सापडलो तर लेक कायमची फुगलेली.

मग ती शांतता सुरू झाली. बूट गेले, मोजे आले. स्वयंपाकघरातले डाव आणि झारे फडक्यात गुंडाळले गेले. दारं कुरकुरू नयेत म्हणून बिजागऱ्यांना लोणी लागलं. बोलायचं ते कानात, निरोप द्यायचा तो एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळी बोट झोपेत चालणाऱ्या माणसासारखी समुद्रात सरकत होती. माणसं एकमेकांच्या बाजूने तरंगत जावीत तशी जायची. शिंक आली तर दोघं जण धावत येऊन शिंकणाऱ्याच्या तोंडावर उशी धरायचे. बुडव्याला हे फार आवडायचं. आपण स्वतःच एक गाठोडं झालोय आणि सावकाश त्या हिरव्या गावाकडे निघालोय, असं त्याला वाटायचं.

पण शांततेत कचरा सोडता येत नाही, आणि माणसं खायची काही थांबत नाहीत! गाठोडी साठत गेली. खोपट भरलं, बोळ भरला. इंजिनवाला दोन गाठोड्यांच्या मधे झोपायला लागला आणि झोपेत एकाला मिठी मारायला लागला. वासाबद्दल न बोललेलंच बरं. शेवटी कप्तानसाहेबांचा निरोप आला: एक गाठोडं नळीत घालून तयार ठेवा. आसपास सामसूम झाली की मी हुकूम देईन. तोवर खटक्याला हात लावायचा नाही!

नेमका तेव्हाच आचारी एक मोठं पातेलं पोटाशी धरून खोपटात शिरला. चेहरा सुतकी.

"पावाचं पीठ आहे," तो कुजबुजला. "मेलं! कालपासून बघतोय, ढिम्म फुगत नाही. गपचूप घालवून टाक. कुणाला कळलं तर जन्मभर चिडवतील मला."

"काळजीच करू नकोस. माझ्या हातून खाली गेलेला..."

"माहितीये! घाल लवकर!"

बुडव्याने पीठ गाठोड्यात ठासलं, वर रद्दी आणि एक फाटका मोजा कोंबला, वजनं घातली आणि गाठोडं नळीत सोडलं. वजनं अगदी बरोबर होती हो! जेवढा कचरा तेवढी वजनं. फक्त बुडव्याचं मन त्या वेळी पहिल्या रांगेत बसलं होतं. चंदेरी खवल्यांचा झगा घातलेली बिट्टी निळ्या पडद्यामागून पोहत पोहत येत होती, त्याला बघून शेपटी हलवत होती. त्या नादात एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. आचाऱ्याचं पीठ मेलं नव्हतं. थंडीने नुसतं झोपलं होतं. आणि नळी जात होती इंजिनाच्या उबदार भिंतीला खेटून!

बुडव्या नुसत्याच टेकवलेल्या झाकणावर डोळे मिटून उभा होता. काही वेळाने त्याला वाटलं, आपण उंच होतोय. स्वप्न असेल म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. मग झाकणाच्या फटीतून एक पांढरीशुभ्र, गुबगुबीत जीभ बाहेर आली आणि त्याच्या पायाला मऊ लागली.

"अगं आई गं!" तो कुजबुजत किंचाळला. ही कला फक्त पाणबुडीवाल्यांनाच जमते. आचारी धावत आला. बघतो तर पीठ टम्म!

"फुगलं!" आचाऱ्याचे डोळे पाणावले. "बघ, मी म्हणत नव्हतो? माझं पीठ कधी..."

"कौतुक नंतर कर! आधी बस!"

दोघंही झाकणावर बसले. कसंबसं ते बंद झालं. आतून 'फुस्स' असा आवाज येत राहिला.

"हे असं सोडलं तर तरंगेल रे," बुडव्याला घाम फुटला. "साहेबांना सांगायला हवं. हुकूमच देऊ नका म्हणावं!"

बोळाच्या तोंडाशी इंजिनवाला होता. बुडव्याने त्याला खुणेने बोलावून कानात सांगितलं, "साहेबांना कळव, पीठ फुगलंय!"

इंजिनवाल्याचे कान इंजिनाने आधीच अर्धे खाल्लेले. त्याने पुढच्याला सांगितलं, "बुडव्याची पाठ फुगलीय." पुढच्याला पाठ कशी फुगेल ते कळेना. माणूस विचारी, त्याने निरोप दुरुस्त केला. "बुडव्याचं पोट फुगलंय!" आणि तोच सुधारलेला निरोप सुकाण्यापाशी उभ्या असलेल्या कप्तानसाहेबांच्या कानात जाऊन पोचला.

तोवर पाठीच्या बातमीने वाटेतच फाटा फोडला होता. बोटीवरचा मलमवाला, म्हणजे पट्ट्या बांधणारा आणि गोळ्या देणारा गडी, बाटली घेऊन खोपटात हजर झाला. "सदरा काढ!"

"कशाला?"

"पाठ बघू."

"माझ्या पाठीला काय धाड भरलीय?"

"सगळे असंच म्हणतात," मलमवाला कनवाळूपणे म्हणाला आणि त्याने सदऱ्यात हात घालून बुडव्याच्या पाठीला मलम चोळायला सुरुवात केली. झाकणावरून उठायची सोय नव्हती. बुडव्या मुकाट्याने चोळून घेत बसला. मागून कुणीतरी शेकायची गरम पिशवीही आणून त्याच्या पोटावर ठेवली.

तिकडे कप्तानसाहेब कळवळले. माणूस चांगला हो! "अरेरे, पोट फुगलंय? मग कसली वाट बघताय? मोकळं करा म्हणावं ताबडतोब!"

निरोप परत निघाला आणि या वेळी, दैव बघा, एका अक्षराचाही फरक न होता पोचला. "साहेबांचा हुकूम! मोकळं करा, ताबडतोब!"

"मोकळं करा?" बुडव्याने पुन्हा विचारलं. "फुगलंय हे सांगितलंस ना नीट?"

"शब्द न् शब्द!" इंजिनवाला म्हणाला.

हुकूम म्हणजे हुकूम. बुडव्याने देवाचं नाव घेऊन खटका ओढला.

या वेळी 'बुळुक' झालं नाही. 'भक्क' झालं. बुडव्याने सवयीने कान लावला, डोळे मिटले. गाठोडं दिसलं. हिरव्या पाण्यात ते थोडं खाली गेलं. मग थांबलं. जरा विचारात पडल्यासारखं झालं. पिठाने आणखी एक मोठा श्वास घेतला, जाळी उसवली, वजनं सुटून एकटीच तळाच्या गावाला निघून गेली आणि ते पांढरं गाठोडं लाजत लाजत, अगदी सावकाश, उजेडाकडे निघालं.

"गेलं," बुडव्या म्हणाला. "वर गेलं रे!" त्याला रडू यायच्या बेतात होतं. आचाऱ्याने त्याच्या मलमी पाठीवर हात ठेवला आणि लगेच फडक्याला पुसला.

एवढ्यात खुद्द कप्तानसाहेब वाकून खोपटात डोकावले. "काय रे, कसं वाटतंय पोटाला?"

"कुणाच्या पोटाला, साहेब?"

मग पीठ, पाठ आणि पोट यांचा उलगडा झाला. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते मोज्यांवर घसरतच पेरिस्कोपकडे धावले आणि बुडव्या त्यांच्यामागे. साहेबांनी डोळा लावला. मग त्यांनी बुडव्याची मानगूट धरून त्याला पुढे केलं. "बघ! बघ तुझं कर्तृत्व!"

बुडव्याने आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखालून बाहेर पाहिलं. वर केवढं तरी आकाश होतं. उन्हाचे चुरे लाटांवर सांडले होते आणि मधोमध त्याचं गाठोडं, गोल, पांढरं, तुकतुकीत, माथ्यावर फाटका मोजा मिरवत डुलत होतं. त्याच्याशेजारी पाण्यातून काहीतरी चांदीसारखं उसळलं आणि परत आत गेलं.

"केवढं सुंदर आहे!" बुडव्या भान हरपून म्हणाला.

"काय सुंदर आहे?" साहेब दात खाऊन कुजबुजले.

"मासा, साहेब! खराखुरा मासा पाहिला!"

"त्याच्यामागे बघ!"

त्याच्यामागे एक भलंमोठं जहाज सरळ त्यांच्याच रोखाने येत होतं. बुडव्याच्या पोटात आता खरोखरच गोळा आला. झालं! सराव पहिल्यापासून. पहिली रांग, चंदेरी झगा, शेपटी हलवणारी लेक, सगळं त्या पिठाबरोबर वाहून गेलं.

पण जहाज जवळ आलं आणि थांबलं. त्यावरची माणसं कठड्याला लोंबकळून हातवारे करायला लागली. होडी खाली सोडली. त्यांना वाटलं, टोपी घातलेला कुणीतरी गलेलठ्ठ माणूस पाण्यात पडलाय! एकाने तरंगतं कडं फेकलं. दुसऱ्याने उडी मारून पिठाला मिठी मारली आणि तो त्यात कोपरापर्यंत रुतला. त्याला ओढायला तिसरा उतरला. चौथा पिठाच्या छातीवर दाब देऊन पाणी काढू बघत होता. अख्खं जहाज शोधायचं सोडून पिठाचा जीव वाचवत होतं.

"बुडवा!" कप्तानसाहेब हळूच म्हणाले. बोट खाली गेली, त्या जहाजाच्या बरोबर पोटाखालून आवाज न करता सरकली आणि दिसेनाशी झाली. कुणाला काही कळलं नाही. सराव संपला तेव्हा बिनतारी संदेशावरून त्या जहाजाच्या कप्तानाने अभिनंदन केलं. असा हुबेहूब माणूस बनवणारा कलाकार कोण, म्हणून विचारलं.

साहेबांनी बुडव्याला बोलावलं. "तुला शिक्षा करावी की शाबासकी द्यावी, मला ठरवता येत नाही. म्हणून दोन्ही रद्द. घरी जा. आंघोळ करून जा."

बुडव्याने आंघोळ केली, पण मुरलेला वास काय एका आंघोळीत जातो? शाळेच्या सभागृहात तो पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि दोन्हीकडच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या. एकीवर बायको बसली. "आलात, हे खरं वाटत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. मग तिने नाकाला रुमाल लावला. "पटायला लागलंय."

पडदा वर गेला. मुलांनी दोन बाजूंनी निळी चादर धरून हलवली आणि बुडव्याला ते सभागृह, ते दिवे, ते आईबाप, सगळंच पाण्याखाली गेल्यासारखं झालं. हिरवा उजेड सांडला. मासे आले. लाल, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्याने एकेकाचं तोंड निरखलं. त्यात बिट्टी नव्हती. मग बाई माईकवर गंभीर आवाजात म्हणाल्या, "आणि एक दिवस समुद्रात आला दुष्ट कचरा!"

कोपऱ्यातून एक गाठोडं गडगडत आलं. करड्या पोत्याचं, रद्दी चिकटवलेलं, वर मोजे लोंबणारं. पोत्याच्या तोंडातून बिट्टीचं तोंड बाहेर आलं होतं.

"हिला कचरा केलं?" बुडव्या उसळला.

"हळू बोला! हिनेच हात वर केला," बायको कुजबुजली. "म्हणे, मासे काय, कुणीही होतं. मी होणार बाबा हाताने उचलतो तो कचराच."

बुडव्याच्या डोळ्यांपुढचं पाणी खरं झालं. स्टेजवर बिट्टीने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि ती सावकाश, अलगद तळाला टेकली. नाटकात कचऱ्याला आता तिथे गप्प पडून राहायचं होतं आणि माशांनी भोवती रडायचं होतं. काय सुरेख बुडाली! इतक्या वर्षांत एकही गाठोडं असं बुडालं नव्हतं. त्याची छाती अभिमानाने भरून आली.

तेवढ्यात गाठोड्याने एक डोळा उघडला. तो पहिल्या रांगेवर पडला. आणि गाठोडं वर आलं!

"बाबा आला! बाबा आला!"

"खाली! खाली बूड!" विंगेतून बाई कुजबुजल्या. पण हे गाठोडं कुठलं बुडतंय? ते पाय फाकवून स्टेजच्या मधोमध उभं राहिलं, बुडव्याकडे बोट केलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात अभिमानाने म्हणालं, "हा माझा बाबा! हाच समुद्रात कचरा टाकतो!"

सरावातसुद्धा कधी झाली नव्हती अशी शांतता पसरली. अख्ख्या सभागृहाच्या माना वळल्या. बुडव्या गडबडून उभा राहिला.

"मंडळी, गैरसमज नको! प्लास्टिक आम्ही टाकत नाही!" कुणाचा चेहरा बदलला नाही. त्याने आणखी जोर लावला. "आणि बाकीचं टाकतो ते नीट वजन बांधून टाकतो! वर येत नाही! कुणाला पत्तासुद्धा लागत नाही!"

बायकोने त्याचा सदरा खसकन ओढला. "अहो, खाली! बुडा आधी!"

ज्या शब्दाला घरात बंदी होती तो शब्द तिने स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता. बुडव्या निमूटपणे खुर्चीत बुडाला, नाकापर्यंत. स्टेजवरून उडी मारून बिट्टी त्याच्या मांडीवर येऊन बसली. पोत्याला वास यायला हवा होता, पण बुडव्याच्या वासापुढे तो कुणाला जाणवला नाही. "बघ बाबा, मी आले की नाही वर?" ती म्हणाली.

"आलीस बाई," तो म्हणाला.

रडायचं विसरलेले लाल, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे स्टेजच्या कडेला ओळीने येऊन उभे राहिले होते आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे टक लावून बघत होते. समुद्रातले सगळे मासे आपल्याला ओळखतात, असं बुडव्या लेकीला इतकी वर्षं ठोकून देत आला होता. त्या दिवसापासून ते खरं झालं.